बाराव्या ओळीचे कारण

भिलाई,
१४ जुलै १९६३

प्रिय वच्छला,
सप्रेम जयभीम.

आज रविवार. सकाळी भात लावला, थोडा करपला. दुपारी सायकलने जुनवानीला जाऊन भागाबाईच्या अंगणातली तुझी जर्मनची थाळी घेऊन आलो. गोंदियाला सगळे बरे असतील.

कॉलेज उघडले. आपल्या हिराच्या गटातली मुले, अरुणकुमार आणि मथुरा, काल धुळीच्या प्रकल्पाचा अहवाल घेऊन घरी आली. उघड्यावर ठेवलेल्या थाळीत जमलेली धूळ दर रविवारी तोलायची, असे बारा रविवार. कारखान्याजवळच्या थाळ्या या दोघांकडे, जुनवानीची हिराकडे. पहिल्या मसुद्यात मथुराने लिहिले होते, ‘हवेत धूळ फार आहे.’ तेव्हा हिराने माझी नक्कल केली होती, “फार म्हंजे किती? मनानं सांगून राहिली का तराजूनं?” मीही हसलो होतो.

हिराच्या तक्त्यात अकरा आकडे आहेत. बारावी ओळ कोरी.

अरुणकुमार म्हणाला, “सर, सरासरी टाकून देऊ का? कोन पाहते?”

मथुरा त्याच्यावर डाफरली, “हिराच्या नावावर खोटा आकडा टाकतं का बे?”

माझा नियम तू जेवताना शंभरदा ऐकला आहेस. ओळ कोरी राहिली तरी चालेल, पण समोर कारण लिहायचे, आणि खरे लिहायचे. मुलांनी ती जागा माझ्यासाठी सोडली आहे.

भावाच्या लग्नाहून तू धावत आलीस तेव्हा विचारलेस, “तापात, एवढ्या उन्हात गेलीच कावून ते?” मी म्हणालो, आपल्या मनाने गेली.

तसे नव्हते. ती म्हणाली होती, “बाबा, अंग गरम लागून राहिलं. उद्या जाऊ का?” मी पेपर तपासत होतो. तिच्या कपाळाला हात लावला नाही. म्हणालो, “उद्या गेली तं सातचे आठ दिवस होतात. बारावी ओळ बिघडते.” ती निघाली. अर्ध्या वाटेतून परत आली आणि निजली, ती पुन्हा उठली नाही. पुढचे तुला माहीत आहे.

आज मी कारण लिहिले: ‘विद्यार्थिनीला ताप होता. तिने वडिलांना सांगितले होते. त्यांनी पाठवले.’ अहवाल उद्या मुलांना देईन. त्यांच्याआधी तुला कळायला हवे.

तू परत ये, असे म्हणायचा मला हक्क नाही.

थाळीत पावसाचे पाणी आणि काळा गाळ होता. तोलला नाही. आता हे पाकीट बंद करतो, थाळी राखेने घासतो आणि तुझ्या फडताळात पालथी ठेवतो.

हिराचा बाप,
जानराव