बोलक्या अंगुस्तानाची खोट

प्रिय दादा,

माझं पत्र बघून आधी वाटेल, भिंगरीला कुठेतरी पोलिसांनी धरलं. तसं नाही. सध्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरी धुतो. धुतं मशीनच, मी नुसता त्याच्या तोंडात कोंबतो आणि ओल्या बाहेर ओढतो. वाफेने मिशीसुद्धा वळेनाशी झालीय. मिशी ठेवलीय, हे सांगायचं राहिलंच. वहिनीला सांगू नकोस, हसेल.

तिने फोनवर सगळं सांगितलं. सोमवारी तुझं ऑपरेशन, घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रच काढणार. तोवर बोलणं कमीत कमी, नाहीतर आहे तो आवाजही आधीच बसेल. आणि तू म्हणे रविवारी आपल्या राक्षस-गुहेच्या खेळाचा शेवटचा डाव मांडायचाच म्हणून हटून बसलायस, आवाज राखून ठेवलायस, गिऱ्हाइकांशीसुद्धा खुणेने बोलतोस. एका बाईंना वाटलं तू रुसलायस, त्या ब्लाउज परत घेऊन गेल्या. प्रत्येकाने डावासाठी जादूची एक वस्तू मनाने रचून आणायची, हा तुझा निरोपही पोचला.

माझी वस्तू म्हणजे अंगुस्तान. आपल्या दुकानात असतं तसंच, पितळी, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं. पण हे बोलकं. तोंडाशी धरून बोलायचं, की आवाज त्याच्या बारीक खळग्यांत बसतो. मग टेबलावर टिचकी मारली, की आधी अंगुस्तान शिंकतं आणि मग सगळं जसंच्या तसं बोलून दाखवतं. राक्षस शिंकेच्या दिशेने धावेल आणि आम्ही मागच्या दाराने पसार. बरं आहे ना? तुझ्या राक्षसांना तसंही डोकं कमीच. कापड बेतायच्या टेबलावर तू खडूने गुहा काढायचास, कोटाचं मोठं बटण म्हणजे राक्षस, आणि तू त्याच्या आवाजात बोलायला लागलास की बटणवाले काका फासे हातातच धरून बसायचे. एवढा मोठा माणूस, बाजारात कुणाला ऐकत नाही, पण बटणाला घाबरायचा.

पण आपल्याकडे खोटीशिवाय जादू नाही, आणि खोट सांगणार डावीकडे बसलेला. माझ्या उडत्या सतरंजीला वहिनीने काय खोट दिली, तर फक्त उतारावरच उडेल. मग तिच्या तलवारीला काकांनी रक्त बघून चक्कर आणली. इथे माझ्या डावीकडे चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशी असतात. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. म्हटलं, मावशी, अशी अशी वस्तू आहे, हिला एक खोट सांगा. त्या म्हणाल्या, तुला कामं कमी पडतात का रे? मग सगळं सांगितलं, तुझं, सोमवारचं. त्यांनी चादर झटकली, घडी घातली आणि पुढची ओढली.

दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाल्या, साठवलेला आवाज उत्तर देत नाही, ही खोट. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा आवाज त्यांच्या फोनमध्ये आहे. तो विचारतो, किल्ली कुठे ठेवलीस गं? त्या सांगतात, खिळ्याला. परत लावलं की परत विचारतो, किल्ली कुठे ठेवलीस गं? सांगताना त्या हसत होत्या. मला मेलं चादरीचं टोक सापडेना.

तेव्हापासून या खोटीतून वाट काढतोय. दोन अंगुस्तानं घेतली तर? आधीच सगळी उत्तरं भरून ठेवली तर? पण उत्तरं भरायची तर प्रश्न आधी माहीत हवेत, आणि एकदा दिलेली खोट मागे घेता येत नाही, हा नियम तूच केलास. मला तर वाटतं ऑपरेशनवाल्यांकडेही तुझा आवाज परत आणायची वाट नाही. वहिनी म्हणाली, नंतर गळ्याशी धरायचं एक यंत्र मिळतं. तिने दवाखान्यात एकाचं ऐकलंय, बोलता येतं पण आवाज यंत्राचाच.

एरवी मी फोन करतो. या वेळी लिहिलं, कारण फोनवर तू मला पटवलं असतंस, आणि त्यातच आवाज संपवला असतास. मी रविवारी येणार नाही. तिकीट काढलं होतं, परत केलं. तिघांतला एक जरी नसला तरी डाव मांडायचा नाही, हे आपलं ठरलेलं आहे. वहिनीला आणि काकांना कळवलंय, काका मला बरंच काही म्हणाले. वहिनी सांगत होती, तुमची तान्ही छोटी आता तुझ्याकडे बघून काहीतरी आवाज काढते, आणि तू नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवतोस, आमच्यासाठी राखायचं म्हणून. आम्हाला पुष्कळ मिळालं, दादा. राहिलेलं तिला दे. हाक मार, काऊचिऊचं सांग, उगाच रागाव. एवढ्या लहानपणीचं तिच्या लक्षात राहणार नाही, ते मला माहीत आहे. पण आज ती तुला उत्तर देतेय. सोमवारपर्यंत माझा फोन बंद असेल.

तुझाच,
भिंगरी