लाल शाईची एक रेघ

१४ जून, शनिवार

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला छोट्या म्हणू नये हे मला कळतं, पण जीभ वळत नाही आणि पेनही वळत नाही. तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना सुरू झाला का? माझी एक दाढ महिनाभर ठणकतेय. सख्खी भावजय दातांची डॉक्टर, आणि मी इथे गाल धरून बसलेय.

शाळेत सगळं ठीक. माझ्या निवृत्तीला अठरा दिवस उरलेत. माझी खुर्ची कोणाला मिळणार यावरून दोन कारकुनांत आत्तापासूनच अबोला आहे. तिचा एक पाय डुगडुगतो, हे मी दोघांनाही सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तुझ्या चिमीचा अर्ज आला. कॉलेजसाठी तिला जुन्या शाळेचा दाखला हवाय, म्हणजे आमच्या शाळेचा. सतरा वर्षांच्या पोरीने काय नेटकं लिहिलंय! ‘माझ्या आईवडिलांनी प्रवेशाच्या वेळी धर्माचा रकाना रिकामा ठेवला होता. नोंदवहीत तो भरलेला आहे. दुरुस्ती व्हावी.’ राग नाही, टोमणा नाही. मी तो कागद तीनदा वाचला आणि मग उगाचच कपाट आवरत बसले.

शेवटी अकरा वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. दुरुस्तीचा आमचा नियम आहे. खरवडायचं नाही, गिरवायचं नाही. लाल शाईने एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी चूक होण्याचं कारण लिहून सही करायची. रेघ मारली. कारणापाशी हात थांबला.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “नजरचूक लिहा आणि मोकळ्या व्हा.”

मी लिहिलं, ‘लिपिकाने स्वतःच्या मनाने भरले.’

बाईंनी चष्मा काढला. “अहो, अठरा दिवस राहिलेत. कशाला नसतं लचांड मागे लावून घेता?”

छोट्या, ते लचांड अकरा वर्षं माझ्या मागे आहेच. आता तुला सांगते. मध्येच पत्र टाकून देऊ नकोस, एवढंच कर.

तुम्ही दोघं प्रवेशाचा अर्ज देऊन गेलात, तेव्हा मला सगळं पटलं होतं. आई एका धर्माची, बाप दुसऱ्या धर्माचा. पोरगी मोठी होईल आणि काय ते ठरवेल. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती संध्याकाळच्या प्रार्थनेला बसत होती. मला वाटलं, आता ही तोंड पाडणार. ती म्हणाली, “राहू दे गं रिकामं. देवाला काय रकाना वाचून पोरगी ओळखायची आहे?”

हो. आई असं म्हणाली होती. तिने मला काहीही भरायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच भरलं. आमच्याकडे धर्मशिक्षणाचा तास असायचा तेव्हा वर्गाचे दोन गट व्हायचे, दोन खोल्यांत. ज्याचा रकाना रिकामा, त्याने माझ्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसायचं. त्याआधीच्या वर्षी एक मुलगी तिथे वर्षभर एकटी बसली. दप्तर मांडीवर घट्ट धरायची, जणू तिला कोणी उठवून कुठेतरी नेणार आहे. येणारा-जाणारा विचारायचा, “काय गं, शिक्षा झाली का?” ती नुसती मान हलवायची. चिमीला मी तिथे बघू शकले नसते.

हे खरं आहे, पण हे सगळं खरं नाही. चिमी आपल्यातली राहावी, असंही मनात होतं. आपल्या घरातल्या प्रार्थना तिला आपसूक पाठ व्हाव्यात, तुझ्या बायकोलाही काही बोलता येऊ नये. काळ्या शाईने, माझ्या त्या नावाजलेल्या अक्षरात मी आपला धर्म लिहिला आणि डबा खायला बसले.

सहा महिन्यांनी चिमीने जेवताना शाळेच्या तासाला शिकलेली आपली प्रार्थना घडाघडा म्हणून दाखवली आणि तू तडक घरी आलास. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. आईसमोर उभा राहून म्हणालास, “हे तुझंच काम ना? ताईला तूच लिहायला लावलंस ना?”

मी दारात उभी होते. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. एवढंच. मग म्हणाली, “हो. मीच सांगितलं तिला.”

तू गेल्यावर मी रडायला लागले तर म्हणाली, “गप. तो आता माझ्याशी बोलणार नाही. तुमच्या दोघांत तरी बोलणं राहू दे.” आणि राहिलं. तुझी पत्रं येत राहिली, दरवेळी खाली ‘आईला सांगू नकोस’. मी सांगायचे नाही. शेजारच्या खोलीत ती बसलेली असायची आणि मी तुझी पत्रं खुशाल वाचायचे. मला लाज वाटते, छोट्या. नुसतं लिहायला म्हणून नाही, खरंच वाटते.

मी हे पुढेही दडपलं असतं. पण आई आता विसरायला लागलीय. गॅस, तारखा, शेजारणीचं नाव. प्रार्थना मात्र विसरत नाही. शेवटी घरातल्या सगळ्यांसाठी नावानिशी आशीर्वाद मागते. तू गेल्यापासून तुझ्या बायकोचं नाव पहिलं असतं. महिन्यापूर्वी त्या नावांनंतर ती थांबली आणि म्हणाली, “देवा, पोरीच्या कागदावर मी ते लिहायला लावलं, मला क्षमा कर.” मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता रोज.

तिला ते खरं वाटायला लागलंय.

मी समोर बसून सांगितलं, “आई, तू नाही, मी केलं ते.” तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, “तू मला सांभाळून घेतेस, बाळ.” चार वेळा सांगितलं, चारही वेळा हेच. माझ्या तोंडून तिला पटणार नाही. ज्याने विचारलं होतं, त्यानेच सांगायला हवं.

माझ्यावर चिडायचं ते खुशाल चीड. पत्र डॉक्टरीणबाईंना वाचून दाखव, त्यांची माफी मी वेगळी मागेन, समोर येऊन. चिमीचा दाखला सोबत आहे. रकाना रिकामा आहे.

तू मात्र ये. निघायला वेळ लागणार असेल तर आधी फोन कर. फक्त संध्याकाळी साडेसहाच्या आत कर. साडेसहाला ती क्षमा मागायला बसते.

आईच्या जिवावर तुझी लाडकी राहिलेली,
ताई