हंडीतली घंटा

सर, तुमचा हवा ओढायचा पंप सध्या माझ्या टेबलावर आहे. तुम्ही जाऊन बारा वर्षं होऊन गेली, मी आजवर तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि मनातल्या मनात मात्र दर आठवड्याला एक पत्र लिहिलं. आज कागद घेतला, कारण सोमवारी तुमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये एक कार्यशाळा भरते आहे. मुंबईचे, अहमदाबादचे शास्त्रज्ञ येणार. विषय असा, की तुम्ही चष्मा काढून पुसला असता. हायड्रोजनची खसखशीच्या दाण्याएवढी गोळी घ्यायची, तिच्यावर चहूबाजूंनी लेसरचे किरण एका क्षणी सोडायचे, आणि तिला इतकी दाबायची की सूर्याच्या पोटात घडतं ते त्या गोळीत घडावं. आपल्याकडे अजून कुणाला जमलेलं नाही. कसं जमेल, जमेल तरी का, त्यावरच तीन दिवस बोलणार आहेत.

हे मला तुमच्याच विद्यार्थ्यानं समजावलं. तो आता तुमच्या खुर्चीवर बसतो, आम्ही त्याला मास्तर म्हणतो. मोठा गोड मुलगा. पंप हातगाडीवर घालून स्वतः केडगावला माझ्या वर्कशॉपात आला आणि चहा पिता पिता बशीत साखरेचा दाणा ठेवून त्यानं गोळी दाखवली. माझा मिस्त्री जामखेडचा, त्याच्या गावी यंदा टँकर आला तर पाणी. तो पाना खाली ठेवून विचारतो, "सायेब, ह्यो हायड्रोजन आननार कुठनं?" "पाण्यातून." "मंग आमच्या गावाला या की. पानी तेवडं तुमी आना, सूर्य आमच्याकडं लई हाय." मास्तर हसला, मीही हसलो. मग तो म्हणाला, "गंमत अशी आहे काका, दाब सगळीकडून सारखा पडला पाहिजे. एका बाजूनं कमी पडला, की गोळी तिकडून निसटते." मी बशीतला दाणा उचलून तोंडात टाकला. म्हटलं, हे मला माहीत आहे. तुम्ही मला दाबलंत सर, पण केडगावची बाजू मोकळी राहिली.

त्या दिवसातलं काही विसरलो नाही. विद्यापीठाची कमिटी आली आहे. मी तुमचा लॅब अटेंडंट, इस्त्रीचा शर्ट घालून पंपाच्या पट्ट्यापाशी उभा. टेबलावर काचेची हंडी, हंडीत विजेची घंटा तारांवर टांगलेली. पंप हवा ओढतो आहे, घंटेचा आवाज बारीक होत चालला आहे. तुम्ही हात वर करता, "निर्वात! आता टोल पडताना दिसतो, पण आवाज नाही. कोणाला ऐकू येतो?" सगळी पोरं एका सुरात म्हणतात, "नाही सर." आणि माझ्या तोंडून निघून जातं, "येतोय, सर. बारीक येतोय. पंपाच्या दांड्यापाशी हवा शिरते आहे." मला वाटलं, तुम्ही शाबासकी द्याल. खरंच वाटलं. तुम्ही कमिटीकडे वळून म्हणालात, "याच्या डोक्यात घंटा बसवलेली आहे. देवळात शोभला असता." कमिटी हसली. पोरं हसली. त्या दिवसापासून कॉलेजात मी घंटाराव. परवा तुमचा हा विद्यार्थी बोलून गेला, "तुम्हीच ना ते घंटा..." आणि जीभ चावली. तोही त्या बाकावर होता.

हसण्याचं मी सोसलं असतं. मी स्वतः दिवसभर लोकांना हसवतो, माझा धंदा निम्मा त्यावर चालतो. पण पुढच्याच महिन्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मेकॅनिकची जागा निघाली. मी तुमच्याकडे चिठ्ठी मागितली. तुम्ही लिहिलीत, पाकीट बंद करून दिलंत, वर म्हणालात, "जा, कल्याण होवो." मी पाया पडलो, सर. तिथल्या साहेबानं पाकीट फोडलं, वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि दया आली असावी म्हणून ती ओळ मला वाचून दाखवली: 'प्रामाणिक आहे, परंतु यास नसलेले आवाज ऐकू येतात.' दुपारच्या एस.टी.नं परत आलो. तुमच्या दारात पुन्हा उभा राहिलो नाही.

आज साखर कारखान्याचा इंजिनिअर माझ्यासाठी जीप पाठवतो. मी पेचकसाचं टोक मशीनला लावतो, मूठ कानाला, आणि कुठलं बेअरिंग गेलं ते यंत्र न उघडता सांगतो. तुमच्या त्या नसलेल्या आवाजांवर माझं घर उभं आहे.

तर पंप. मास्तर सहज बोलून गेला, "त्या कमिटीनंतर सरांनी हा कधी चालवलाच नाही. कपाटात घातला, किल्ली शेवटपर्यंत त्यांच्याच खिशात. आता नवा बंद पडला म्हणून कुलूप फोडलं." तो निघून गेल्यावर मी पंप उघडला. दांड्याजवळचा चामड्याचा वायसर वाळून तडकलेला, नख जाईल एवढी फट. मी बोट दाखवलं होतं तिथंच. म्हणजे घंटा तुम्हालाही ऐकू आली होती. तुम्ही हंडीपासून हातभर अंतरावर होतात. ऐकू आली, म्हणून तर कुलूप लावलंत. आणि हे माहीत असून ती ओळ लिहिलीत.

सोमवारी तुमच्या फोटोला हार घालून, त्या फोटोखाली हाच प्रयोग करून कार्यशाळेचं उद्घाटन आहे. गोळीचं भांडंही असंच निर्वात लागतं, म्हणून मुलांना आधी हे दाखवायचं. मला पहिल्या रांगेत खुर्ची. मी तीन दिवस पंपाला हात लावला नाही. फट तशीच ठेवायची, सगळे 'नाही' म्हणाले की उठायचं आणि म्हणायचं, "येतोय." दुरुस्त केला, तर माझा एकुलता एक साक्षीदार मीच बुजवणार. शेवटी मिस्त्रीच चिडला, "मालक, असला पंप आपल्या हातनं भायेर गेला तर कुनाला तोंड दाखवू नगा. मी तर न्हाईच दाखवनार." मग नवा वायसर घातला. जुना शर्टाच्या खिशात आहे. सोमवारी तो तुमच्या हाराखाली ठेवणार, आणि सगळ्या शास्त्रज्ञांसमोर तुमची ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवणार. भाषण पाठ आहे. आरशासमोर तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा मजा आली.

आज दुपारी हंडी लावून पाहिली. मास्तर हंडी आणि घंटा घेऊन आला होता. हवा ओढली, टोल पडताना दिसतोय, मिस्त्रीनं काचेला कान लावला, "मुकी झाली बघा." मास्तर म्हणाला, "अगदी शांत." मीही म्हटलं, "शांत."

सर, मला ऐकू येत होती. लांब, अगदी बारीक. तारांतून येत असेल. रबरातून आवाज उतरत नाही; घंटा तारांऐवजी रबरावर टांगली तर दोन मिनिटांत कळेल, तारांतून येते की तुम्ही म्हणालात तिथून, माझ्या डोक्यातून. रबर समोरच्याच खणात आहे. सोमवार होऊन जाऊ दे, मग लावून बघतो.