मार्गारोताईच्या हातची चव

पिरेयस, सोमवार

मार्गारोताई,

तुला आणि आईला कल्लिरोईचा नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत. आईचा खोकला थांबला का? तिला त्या ओलसर खोलीत झोपवू नकोस.

लेफ्तेरिस बोटीवरून सुट्टीला घरी आलाय. नवऱ्याच्या आवडीचं म्हणून काल काबुली चण्यांचं सूप केलं. भिजवलेले चणे, कांदा, तमालपत्र आणि ऑलिव्हचं तेल मातीच्या भांड्यात घातलं. तू शिकवलंस तसं लिंबूही पिळणार, तेवढ्यात आपल्या बेटावरची इरिनीमावशी आली.

"अगं वेडे, लिंबू आधी घातलंस तर चणे दगडासारखे राहतील! ते ताटात वाढल्यावर पिळायचं. कुणी शिकवलं तुला हे?"

मी तुझं नाव घेतलं नाही. तेव्हा वाटलं, सांगताना तुझी चूक झाली असेल.

मंद आचेवर चणे लोण्यासारखे शिजले. लेफ्तेरिसने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, "आज अगदी मार्गारोच्या हातची चव आली बघ!"

"तिच्याकडे तू कधी जेवलास?" मी विचारलं. आपली बोट तुमच्या बेटाला लागतच नाही, असं तोच मला सांगत आलाय.

त्याने चमचा खाली ठेवला. कान लालबुंद झाले.

ताई, लग्नात माझ्या डोक्यावरचा मुकुट तूच सरळ केला होतास.

आईला यातलं काही कळू देऊ नकोस, तिला सोसणार नाही. आणि बोट लागली की त्याला पोटभर वाढ. माझ्या घरात त्याचं ताट आता मांडलं जाणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
कल्लिरोई