अकरा किलोबाइटांतली नावं

गोया, १४ मे

प्रिय इरुपे,

तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? इथे असताना ती दुपारची झोप झाली की नदीपर्यंत चालत जायची. रोसारिओत तिसऱ्या मजल्यावर तिचा जीव रमतो का? तुझ्या नवऱ्याचा खोकला गेला का? तुझ्या लेकीचे, अबिगाइलचे, दुधाचे दात पडले असतील एव्हाना. आणि तू? वेळेवर जेवतेस ना, की अजूनही येर्बाच्या कडू चहावरच दिवस ढकलतेस? आमच्या बायकोचा, सेलेस्तिनाचा, रक्तदाब वरखाली होतो, पण तिचा आवाज मात्र कायम वरच. नावाडी तोन्योला ऐकू येईनासं झालंय, जीभ ठणठणीत आहे. मी बहात्तरचा झालो. हात थोडे थरथरतात, एवढंच.

आपली पेटी यंदाही बंद पडली. खांबावरची, नदी चढली की खालच्या वस्तीला फोनवर निरोप धाडणारी. एरवी वर्षभर शहाण्यासारखी वागते आणि पूर आला की हमखास गप्प. बारा वर्षं तेच चाललंय. तोन्यो नावेतून जातो, बटण दाबून तिला उठवतो आणि परत येऊन मला टोमणा मारतो, "डॉन एलादियो, तुमची पेटी माझ्या मेव्हण्यासारखी आहे. काम निघालं की झोपते." या वेळी पेटी चालवणाऱ्या सहकारी संस्थेने ठरवलंच, पेटी काढून टाकायची. मी म्हटलं, चार महिने द्या. तिच्या पोटातलं आहे तसं सगळं मी संगणकावर उतरवून घेतलं.

पण पाहतो तर काय, नुसते आकडे. कुठला आकडा पाण्याची उंची, कुठला घड्याळ, काही कळेना. कळणार कसं? कुठला आकडा कशाचा ते सांगणारी नावं पेटीतून मीच काढायला लावली होती. तुला आठवत असेल, आपण कार्यशाळेत भांडलो होतो. तू म्हणालीस, "डॉन एलादियो, नावं राहू द्या, उद्या काही बिघडलं तर ते शोधणारा डिबगर आंधळा होईल." मी म्हणालो, "पोरी, यंत्राला नावं लागत नाहीत, जागा लागते." नावांची पूर्ण यादी कार्यशाळेच्या संगणकावर होती आणि तो संगणक त्याच वर्षीच्या, बारा वर्षांपूर्वीच्या पुरात बुडाला. रेडिओ दुरुस्त करत करत शिकलेला माणूस मी, जे हाताला लागत नाही ते फालतू, असं मानणारा.

मार्चमध्ये एका दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, त्या आकड्यांच्या रानात मला एक शब्द दिसला. याकारे. मग कार्पिंचो, नदीकाठचा तो ढब्बू उंदीर. तुझी जनावरं! निरोपाच्या नोंदीला तू याकारे, मगरीचं नाव दिलं होतंस आणि मी सगळ्यांसमोर हसलो होतो. इरुपे, मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मला न सांगता तू सगळी नावं दाबून-दुमडून पेटीतच ठेवून गेली होतीस. तीन मेगाबाइटांची यादी अकरा किलोबाइटांत! प्रत्येक शब्द एकदाच लिहिलेला, प्रत्येक आकार एकदाच सांगितलेला, बाकी सगळीकडे नुसता क्रमांक. प्रोग्रामची कुठली ओळ कुठे, हा पसारा टाकलेला, पण पेटीच्या स्मृतीतल्या कुठल्या खोलीत कोण राहतं आणि खोली केवढी, ते सगळं शाबूत. मूठभर बियांत आख्खं रान असतं म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

अडचण एकच, आपला डिबगर ही आटोपशीर मांडणी वाचेना. त्याला मोठी यादीच लागते, लहान दिली की तोंड फिरवतो. मग मी त्याला शिकवायला बसलो. सेलेस्तिना म्हणाली, "म्हातारपणी कोणाला अक्षरओळख करून देतोयस?" मी म्हटलं, "थांबलेल्या यंत्राच्या पोटात शिरून काय कुठे अडलं ते सांगणारा एक वैद्य आहे. त्याला एका मुलीचं बारीक अक्षर वाचता येत नाही." ती म्हणाली, "तुला तरी येत होतं का?"

गेल्या मंगळवारी त्याने पहिल्यांदा वाचलं. पडद्यावर आकड्यांच्या जागी एकेक नाव उमलत गेलं. उंची, वेळ, वाऱ्याचा जोर. बारा वर्षं मुकी असलेली पेटी तुझ्या शब्दांत बोलत होती. मी सेलेस्तिनाला ओरडून हाक मारली. तिला वाटलं, मला झटकाच आला.

आणि मग ते दिसलं. डिबगर सांगत होता, याकारे बारा बाइटांची. मी लिहिलेल्या भागात निरोपांची रांग होती, त्यात मी प्रत्येक निरोपाला आठच बाइट जागा दिलेली. आकडा मी बोटांवर मोजून लिहिला होता. याकारेत वाऱ्याचं घर तू नंतर वाढवलंस, मला सांगितलंही होतंस, मी हो म्हणून विसरलो. एरवी रांगेत दोन-तीन निरोप, कोणाला पत्ता लागत नाही. पूर आला की फोन बंद पडतात, निरोप साचतात, रांग शेवटपर्यंत भरते आणि शेवटच्याचे पाय शेजारच्या घरात जातात. ते घर घड्याळाचं. घड्याळ मोडलं की पेटी गप्प.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या पुरात वस्तीला निरोप गेला नाही. लोक छपरांवर चढून बसले. जीव वाचले, संसार वाहून गेले. संस्थेच्या अहवालात लिहिलं, मापनाचा भाग सदोष. मापनाचा भाग तुझा. खाली सही माझी. तू भांडली नाहीस, आईला घेऊन निघून गेलीस. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला तर बारा वर्षं खवखवलंही नाही, कारण आपण खाल्लंय हेच मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी संस्थेच्या सभेत मी हे सगळं वाचून दाखवलं. जुना अहवाल रद्द झाला, नव्यात माझं नाव आहे. पेटी दुरुस्त होऊन खांबावर गेलीय. रांग मुद्दाम गच्च भरून पाहिली, सगळे निरोप पोचले. वस्तीतल्या बायकांचे फोन एकदम वाजले, तेव्हा तोन्यो म्हणाला, "आता मी काय करू, मासे धरू?"

एक काम मात्र तुझ्यावाचून अडलंय. डिबगरला दिलेली ही नवी दृष्टी मी सगळ्या जगासाठी, तो डिबगर सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवली. तिकडून एका बाईने ओळ न् ओळ तपासली आणि विचारलं, "पहिल्या दोनशे ओळींचा हात वेगळा दिसतो, त्या कोणाच्या?" त्या तुझ्या आहेत, इरुपे. कार्यशाळेतल्या तुझ्या वरच्या खणातल्या तबकडीवर अर्धवट सापडल्या. त्या नसत्या तर मला चार महिन्यांत काय, चार जन्मांत जमलं नसतं. आपल्या धंद्याची रीत तुला माहीत आहे, ज्याने लिहिलं त्यानेच सही करायची, दुसऱ्याची चालत नाही. तुझ्या नावाखाली एकदा मी भलतीच सही केली. आता माझ्या नावाच्या वर तुझं नाव हवंय आणि ते फक्त तूच लिहू शकतेस. माफ करायचं की नाही, ते तुझ्या मनावर. सही पाठवायची नसेल तर तसं कळव, मी त्या ओळी काढून घेईन आणि थरथरत्या हाताने नव्याने लिहायला शिकेन. पण काहीतरी लिही आणि लवकर लिही. रोज सकाळी टपालवाल्याची वाट बघत मी फाटकाशी उभा असतो.

तुझाच,
एलादियो