नेहमीसारखं जेवायला हरकत नाही

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावजयीचा खोकला एकदाचा गेला. मी शाळेच्या इमारतीचं रंगकाम धरलंय, बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्यात.

डोकेदुखीवरच्या तुझ्या उपायाने गुण आला. पाव, बटाटा, साखर एकदम बंद केली आणि पहिल्या आठवड्यात डोकं नुसतं ठणकायला लागलं. शिडीवर चढलो की भिंतच हलायची. पोटऱ्यांत गोळे. चिडचिड तर विचारूच नकोस. रंग जरा पातळ झाला म्हणून जोडीदारावर खेकसलो, तर तो म्हणतो, "आधी दोन घास खाऊन घे, मग शिव्या दे."

तेव्हा फोनवर तूच हसलीस. "अरे वेड्या, पाव सोडला की अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं. तुला ब्लडप्रेशर नाही ना? मग सूपमध्ये चिमूटभर मीठ जास्त घाल, पाणी पी, पालेभाजी खा. आणि थोडे दिवस शिडीवर चढू नकोस."

तुला स्वतःला घोटभर पाणीसुद्धा मोजून मिळतं, आणि मला म्हणतेस पाणी पी! पण ऐकलं मी. आधी खालच्या भिंती केल्या. डोकं ठणकायचं थांबलं, गोळे गेले. पोट मात्र अजून रुसलेलंच आहे, आणि पॅन्ट दोरी बांधून सांभाळतोय.

परवा तू विचारलंस, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, लिव्हरवरची चरबी उतरली, खूश होते. चरबी उतरली हे खरं आहे, ताई. खूश कोणी नव्हतं.

रिपोर्ट बघून ते म्हणाले, "मेहनत घेतलीत. आता नेहमीसारखं जेवायला हरकत नाही." मी आपला मूर्खासारखा हसलो. म्हटलं, "मग कधी काढताय माझा तुकडा?" त्यांनी रिपोर्ट मिटून ठेवला. तुझ्या लेकीने माझा हात घट्ट धरला, तेव्हा उमगलं. तुझं हृदय एवढं मोठं ऑपरेशन सोसणार नाही म्हणे. माझं लिव्हर कितीही चांगलं झालं तरी ते आता तुला देता येणार नाही.

"आईला सांगू नका ना, मामा," ती रडत होती. मी हो म्हटलं. पण तू रोज माझ्या पोटाची चौकशी करतेस, आणि तुला अंधारात ठेवून तुझ्याकडूनच उपाय घेत राहणं मला जमेना. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा बसतो, म्हणून लिहितोय. लेकीवर रागावू नकोस.

त्या दिवशी घरी आलो तर तुझ्या भावजयीने गरम पाव पुढे ठेवला. मी ताट सरकवलं. "आता कोणासाठी उपाशी राहताय?" ती म्हणाली, आणि स्वतःच तोंड फिरवून रडायला लागली. मी अजून पावाला हात लावलेला नाही.

शनिवारी येतोय. काम जोडीदारावर सोपवलंय, राहीन तुझ्यापाशी. काय ओरडायचं ते ओरड. मी उठून जाणार नाही.

तुझा,
सगळाच्या सगळा उरलेला,
धाकटा