शालनच्या पत्राचं उत्तर

अंबरनाथ (प.)
१७ ऑगस्ट १९९२

चि. शालनला आप्पाचा जय भीम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण शेजारच्या बनूबाईंबरोबर उल्हासनगरच्या बाजारात जायचं काही ती सोडत नाही. हॉस्टेलच्या जेवणाचं तू काही लिहिलं नाहीस. खातेस ना नीट?

पत्र आईला वाचून दाखवलं, शेवटचं पान सोडून. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यावर टाकून घरी येते म्हणतेस. सर नुसत्या नोट्स उतरवून देतात, त्यापेक्षा लायब्ररीत बसून मी जास्त शिकते म्हणतेस. आणि खाली, 'आप्पा, तुम्ही तरी कुठल्या कॉलेजात गेला होता?'

खरं सांगू? आधी छाती फुगली. नववी नापास माणूस मी. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या सिंधी रद्दीवाल्याकडून केमिस्ट्रीची जुनी पुस्तकं आणायची, डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावायची. दोन वर्षांत कंपनीतला सगळा प्लँट मला पाठ झाला. नवे पदवीवाले यायचे, महिनाभर माझ्या मागे फिरायचे, मग माझेच साहेब व्हायचे. हे तू लहानपणापासून ऐकलंयस. मीच ऐकवलंय.

पुढचं नाही ऐकवलं. सकाळपासून दोन कागद फाडले.

बदलापूरचे बबनकाका तुला आठवतात ना, डावा डोळा गेलेले? कंपनीत अपघात झाला एवढंच तुला माहीत. तू तेव्हा आठवीत होतीस. त्या दिवशी माल लवकर काढायचा होता, म्हणून साहेबांनी टाकीत ॲसिड झपाट्यानं सोडायला सांगितलं. मी म्हणालो, "साहेब, टाकी गार ठेवणारी पाण्याची नळी चोंदलीय. इतक्या घाईनं सोडलं तर आतलं उसळेल."

साहेब म्हणाले, "शिवराम, तू कुठल्या कॉलेजचा रे?"

सगळे हसले. मीही हसलो, पोरी. आणि गप्प बसलो. बबन तेवढा तिथं नव्हता, चहाला गेला होता. परत आला, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे त्यानं व्हॉल्व्ह उघडला, आणि झाकण उडालं.

चौकशीच्या वेळी कागद टाइप होऊन तयारच होता. ऑपरेटरनं हुकमापेक्षा जास्त व्हॉल्व्ह उघडला. साक्षीदार म्हणून आम्हा चौघांच्या सह्या घेतल्या. बाकी तिघांना इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं. वाचून, समजून सही केली. बबनला कामावरून काढलं.

तुझं पत्र आल्यापासून घरात बसवेना. काल बदलापूरला गेलो. बबन ओट्यावर बसला होता. सगळं सांगितलं, सहीसकट. मला वाटलं, सहीवरून शिव्या घालील. तो म्हणाला, "नळी चोंदलीय हे तुला आधी कळलं होतं?"

"हो."

"साहेबाला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस? मी काय तुला कॉलेज विचारणार होतो?"

गोजरवहिनी चहा घेऊन बाहेर आल्या, त्यांना बबननं हातानंच परत पाठवलं. मी उठलो. परत ये असं तो म्हणाला नाही.

शालन, सहा वर्षं मी मनाला सांगत आलो की डिग्री असती तर साहेबानं ऐकलं असतं. म्हणूनच तर तुला औरंगाबादला धाडलं. ते खोटं नाही. त्या एका प्रश्नानं तुझं तोंड कुणी बंद करू नये, म्हणून तो कागद हातात असावा असं अजूनही वाटतं. पण बबनला सांगायला कुठला कागद लागत होता?

घरी यायचं तर ये. तुझंच घर आहे. फक्त मला पुढे करून येऊ नकोस. आईला यातलं काही ठाऊक नाही. हे पत्र पेटीत टाकून आलो की तिला समोर बसवून सांगणार आहे.

सगळं कळत असलेला,
तुझा आप्पा